बेण्याचा डोह

"सर, तुमच्या वेळी रडायचं असलं तर कुठं जायचे?"

प्रश्न करिश्माचा नव्हता. सकाळी पोह्यांच्या रांगेत पायलनं आणि दीपिकानं तो तिच्या गळ्यात बांधला होता. विचारून दाखवलंस तर महिनाभर तुझे बूट आम्ही चमकवू, असं म्हणून. आणि करिश्मा, जी सहावीत या शाळेत आली तेव्हा स्वतःचं नावसुद्धा छातीतल्या छातीत सांगायची, ती हल्ली असल्या पैजा सोडत नसे. जानेवारीत परेडची कमांड तिनं दिली आणि तिचा आवाज मैदानापलीकडच्या सागांवर आपटून तिच्याकडेच परत आला, तेव्हापासून आपल्याला आवाज आहे हे तिला कळलं होतं. नवी सायकल मिळाल्यावर कामाशिवाय गावात चकरा माराव्यात तशी ती तो आवाज वापरायची. दुकानात, पंगतीत, गणिताच्या तासाला. आत्ताही तिनं प्रश्न पोटातून काढला, टाचा जुळवून, हनुवटी वर करून, आणि समोरचे अकरा जण चालता चालता थांबले.

पंचवीस वर्षांपूर्वी या सैनिकी शाळेतून बारावी होऊन गेलेली ही बॅच. एकसारख्या निळ्या टोप्या, सुटलेली पोटं, हातात मोबाइल. नववीच्या कॅडेटनं त्यांना शाळा फिरवून दाखवायची होती आणि तिला कागदावर आठ नव्या इमारतींची नावं पाठ करायला दिली होती. पण तासाभरात तिच्या लक्षात आलं होतं की ही माणसं नव्या इमारती बघायला आलेलीच नाहीत. ती म्हणे, "सर, ही डिजिटल क्लासरूम," आणि ते म्हणत, "इथं आपली मेस होती." ती म्हणे, "ही इनडोअर फायरिंग रेंज," आणि ते एकमेकांना विचारत, "मोहाचं झाड इथंच होतं ना रे?" जुन्या बराकीच्या जागी आता मुरुमाचा ढीग होता. तिथं एकानं वाकून कवेलूचा तुकडा उचलला, फुंकर मारली आणि खिशात टाकला. करिश्माला हसू आलं होतं. एवढे मोठे लोक, बंदुका चालवणारे, आणि खापरीचा तुकडा खिशात. तिच्यासाठी शाळा म्हणजे गेस्ट हाऊसच्या तीन खोल्या, त्यात अठ्ठावीस मुली, दोन न्हाणीघरं आणि रोज पहाटेची रांग. जुनं पाडून नवं बांधतायत यात रडण्यासारखं काय, हे तिला कळत नव्हतं. तिला नवंच हवं होतं. स्वतःचा पलंग, स्वतःची खिडकी, कुलूप लागणारं कपाट. मुलींचं हॉस्टेल. त्याची पहिली वीट आज चार वाजता तिच्याच हातानं ठेवली जाणार होती, आणि ते पत्र तिनं गेल्या आठवड्यात पायलला इतक्या वेळा वाचून दाखवलं होतं की पायलनं शेवटी कानात बोटं घातली.

अकरातले दहा जण हसले. एकानं दुसऱ्याच्या पाठीत थाप मारली, "सांग ना तू, तूच तर रडायचास." कर्नल प्रफुल सर हसले नाहीत. त्यांनी गॉगल काढला आणि डोळे मिचकावत उन्हाकडे पाहिलं; एप्रिलचं ऊन, ज्यात चंद्रपूरकडची माणसं मान वर करत नाहीत.

"तलावाच्या पाळीवर," ते म्हणाले. "सहावीत. पहिले दोन महिने तर रोज. तिथं एक ढिवराचा पोरगा बसलेला असायचा, आमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. जाळं दुरुस्त करत. आम्ही गेलो की तो पाठ करून बसायचा. एकदाही वळून बघितलं नाही त्यानं, कधीच नाही. आमचं संपलं की विचारायचा, 'झालं काय?' मग पळसाच्या पानात भाजलेला मासा द्यायचा आणि म्हणायचा, 'जा आता.'" ते थांबले. "मनसाराम. आईचा वाढदिवस विसरतो मी, पण हे नाव नाही विसरलो."

करिश्माच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दीपिकाबरोबर मागून चालणाऱ्या पायलनं तिच्या दंडाला चिमटा घेतला. "ते माझे बाबा आहेत, सर," ती म्हणाली. कमांडच्या आवाजातच म्हणाली, आणि म्हणताना तिला असं वाटलं की आपण आत्ता एक फूट उंच झालोय. सगळ्यांनी ओ ओ केलं, कोणीतरी टाळ्या वाजवल्या, कर्नल सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मग बरोबर आहे," ते म्हणाले. "वीट तुझ्याच हातून ठेवायला हवी. त्यांची सही नसती तर हॉस्टेल उभं राहतंय कशाला. प्रिन्सिपल सर सांगत होते, दोन वर्षं गावातली मच्छीमार संस्था तलाव सोडायला तयार नव्हती. दिवाळीनंतर अध्यक्षानं, म्हणजे तुझ्या बाबांनीच, स्वतः येऊन सही केली. मोठं मन लागतं त्याला."

कुठली सही, असं विचारायला तिनं तोंड उघडलं, आणि तो आवाज, जानेवारीपासून तिच्या हुकमात असलेला, आला नाही. नुसता श्वास आला. हॉस्टेल तलावाच्या जागेवर होणार हे तिला माहीत होतं का? माहीत असावं. नकाशा नोटीस बोर्डावर होता, त्यात निळ्या जागेवर लाल चौकोन होता, आणि ती त्या चौकोनातल्या खिडक्या मोजत उभी राहिली होती. चार दिवसांपूर्वी तलावाचं पाणी सोडलं तेव्हाही गेस्ट हाऊसच्या गच्चीवरून तिनं ते पाहिलं होतं, पण उन्हाळ्यात तर पाणी सोडतातच, तिला त्यात काही वेगळं दिसलं नाही. एखादी गोष्ट डोळ्यांना दिसते आणि तरी आपण ती बघत नाही असं होऊ शकतं, हे तिला या क्षणी कळत होतं. दिवाळीनंतर. दिवाळीत ती घरी गेली होती. प्रिन्सिपल सरांनी मुलींना बोलावून सांगितलं होतं की जूनपर्यंत हॉस्टेलचं काम सुरू झालं नाही तर मुलींचा विभाग बंद करावा लागेल, तुम्हाला घरी पाठवावं लागेल, आणि ते तिनं घरी चुलीपुढं सांगितलं होतं. नुसतं सांगितलं नव्हतं. ताट सरकवलं होतं. ताटात त्याच तलावातला मासा होता, आईनं तिच्यासाठी राखून ठेवलेला, आणि ती म्हणाली होती, "मंग मी काय करू? घरी येऊन जाळं विणत बसू तुमच्यासारखी?" आई म्हणाली होती, "तोंड सांभाळ." बाबा माशातले काटे काढत होता. एकेक काटा ताटाच्या कडेला ओळीत लावत होता. सगळे काढून झाल्यावर त्यानं तिचं ताट परत तिच्यापुढं सरकवलं होतं, आणि तिनं खाल्लं होतं. रागातसुद्धा भूक लागते याची तेव्हा तिला गंमत वाटली होती.

"चला, पाळीवर जाऊ," कर्नल सर म्हणाले. "एकदा बसू तिथं."

कागदावरच्या आठ नावांत तलाव नव्हता. तरी ती पुढं चालू लागली, कारण ती गाइड होती आणि पाय आपोआप पडत होते, डावा उजवा डावा. वास आधी आला. आटलेल्या तलावाचा वास तिला झोपेतही ओळखता आला असता: शेवाळ, शिंपले, कुजलेल्या कमळाचे देठ आणि त्याच्याखाली एक थंड, गोड, मातीच्या पोटातला वास. लहानपणी हा वास म्हणजे सण असायचा. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी सोडलं की सगळं गाव चिखलात उतरायचं, म्हातारे झिंगूआबासुद्धा कंबरेला लंगोट मारून. कोणाच्या हातात टोपलं, कोणाच्या हातात लुगड्याचा तुकडा, आणि चिखल एकमेकांच्या तोंडाला लागलेला. करिश्मा बाबाच्या पाठीवर. बाबा तिला पाय कसा टाकायचा ते शिकवायचा: टाच नाही, आधी बोटं, बोटांना खालचं कळतं. आता पाळीवर पिवळ्या टोप्या घातलेले कामगार होते, दोन डंपर मुरूम भरून उभे होते, आणि मोहाच्या सावलीत आई बसली होती, रिकामं टोपलं पुढ्यात घेऊन. बाबा खाली तलावात होता. नवी पिवळी टोपी त्याच्या डोक्याला मोठी होत होती. पाणी सोडायचं लाकडी बूच कुठं दडलंय ते फक्त त्याला माहीत होतं म्हणून कंत्राटदारानं त्याला रोजीवर घेतलं होतं. स्वतःच्या तलावाचं बूच उपसायच्या कामावर.

"मनसाराम भाऊ," कर्नल सरांनी हाक मारली आणि पॉलिश केलेल्या बुटांनिशी ते उतारावरून खाली गेले. बाबानं कपाळावर हात धरून पाहिलं, ओळखलं नाही, मग ओळखलं. "अरे, तुम्ही होय. लय रडत होते तुम्ही," तो म्हणाला, आणि अकराच्या अकरा जण हसत सुटले. सरांनी त्याला मिठी मारली. फोटो निघाले. करिश्मा पाळीवर उभी राहिली आणि तिचे डोळे तलावाच्या मध्यावर गेले, आणि तिथंच राहिले.

भेगा पडायला लागलेल्या काळ्या तळाच्या मधोमध पाणी होतं. खाटेएवढं, गुडघाभर असेल. त्याच्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं होतं. काटे ताजे होते, पानंसुद्धा अजून हिरवी. आणि पाण्यात मधूनच काळी पाठ वर यायची, तोंड हवेत उघडायचं, बुडबुडा फुटायचा, पाठ परत खाली. मरळ. एक, दोन, पाच. हाताएवढ्या जाड, जुन्या.

बेण्याचा डोह. त्यांच्या गावात कितीही उन्हाळा असला, कितीही भूक असली, तरी तलाव मारताना, म्हणजे सगळे मासे काढताना, मधला डोह मारत नाहीत. त्यात जुने मासे ठेवायचे, भोवती काटे लावायचे, म्हणजे बगळे, कुत्री, माणसं कोणी जाणार नाही. पाऊस आला की तेच मासे तलाव पुन्हा भरून टाकतात. करिश्मा सात वर्षांची असताना तिनं काट्यांतून हात घालून एका मरळीच्या पाठीला बोट लावलं होतं, तर बाबानं, ज्यानं तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, तिला दंड धरून ओढून काढलं होतं, आणि मग तिच्याकडं न बघता पाण्याला म्हणाला होता, "पोर आहे. चुकलं तिचं."

"काकांनी काटे लावलेत बघा," साइटचा सुपरवायझर सरांना सांगत होता. तो चांगला माणूस होता, टिंगल नव्हती त्याच्या बोलण्यात. "म्हटलं, काका, जेवण झालं की मुरूम पडणार इथं. तर म्हणतात, बेणं ठेवा लागते."

"काऊन ठेवलं, भाऊ?" सरांनी विचारलं. इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडात इकडची बोली आली आणि ते स्वतःच जरा दचकले.

बाबानं डोहाकडं पाहिलं. "पावसाळ्यात लागते ना," तो म्हणाला.

कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि थांबलं. बाबाही जरा हसला, लोक हसले म्हणून. मग त्याचं हसू चेहऱ्यावरून हळूहळू निघून गेलं, जसं बूच काढल्यावर पाणी जातं, आधी कळतही नाही. त्यानं कागदावर सही केली होती. कागद त्याला वाचून दाखवला होता. हॉस्टेल कुठून कुठवर, हे त्यानंच खुंट्या ठोकून दाखवलं होतं. आणि तरी चार दिवस पाणी सोडताना त्याचे हात दरवर्षीसारखेच चालले होते. तळ उघडा पडला तसे ते काटे तोडायला गेले. हाताला कोणी सांगितलंच नव्हतं. करिश्माला पाळीवरून ते स्पष्ट दिसलं, त्या मोठ्या पिवळ्या टोपीखाली दिसलं, आणि तिला वाटलं की आता ओरडावं, डंपरवाल्यांना, सरांना, कुणालाही. ओरडून काय सांगायचं? हॉस्टेल नको? पण हवं होतं. आत्तासुद्धा, या क्षणीसुद्धा तिला ते हवं होतं, ती खिडकी, ते कपाट. आणि हे हवं असणं तिच्या आत त्या मरळीसारखं पाठ वर काढत होतं, कितीही दाबलं तरी श्वास घ्यायला वर येत होतं.

"दुसरीकडं सोडू या ना," कर्नल सर म्हणाले. "मी गाडी सांगतो. नदीत सोडू, मार्कंड्याला."

"नदीत नाई टिकत तलावातली मरळ," बाबा म्हणाला. "ठेवलेलं पाणी लागते तिले. आन या टायमाले कोण्या बोडी-तळ्यात पाणी आहे, तुम्हीच सांगा." तो अगदी अदबीनं बोलत होता, जणू सरांनाच वाईट वाटू नये म्हणून. सरांनी मान हलवली. त्यांना खरंच काहीतरी करायचं होतं, ते त्यांच्या हातांवरून दिसत होतं, एक हात सारखा खिशातल्या फोनकडं जात होता. मग जेवणाची घंटा झाली. दहा जण वळले, मग सरही वळले. "चारला भेटू, भाऊ," ते म्हणाले. "पोरगी लाखात एक आहे तुमची." पायल आणि दीपिका करिश्माकडं बघत थांबल्या, आणि पायलनं तिच्या हातातला तो आठ नावांचा कागद अलगद काढून घेतला आणि पाहुण्यांना घेऊन गेली.

कामगारही जेवायला बसले. तलावाच्या तळावर ऊन नुसतं सांडलं होतं. करिश्मा मोहाखाली आईजवळ गेली. आईनं तिच्या गणवेशाकडं पाहिलं, पदरानं तिच्या गालावरचा घाम टिपला.

"तुले सांगितलं का बाबानं, सही केली म्हणून?" करिश्मानं विचारलं.

"मले कोण विचारते?" आई म्हणाली. "संस्थेची सतरा घरं आहेत. कमळाबाई माह्याशी बोलत नाई, झिंगूआबा तोंड फिरवते. म्हणते, आपल्या पोरीसाठी गावाचं पाणी इकलं. मी म्हटलं, हो इकलं. काय म्हणू दुसरं?" तिनं टोपलं जरा सरकवलं. "मी नाई बोलत तुह्या बाबासंग. पण लोकाईसमोर त्याच्याच बाजूनं बोलतो."

बाबा वर आला. टोपी काढून त्यानं मांडीवर ठेवली. तिघं एका ओळीत बसली, तलावाकडं तोंड करून, आणि मध्ये एवढी वर्षं गेली नसती तर कोणीतरी इथं रडायला आलं असतं आणि बाबानं पाठ केली असती. करिश्माला रडायचं होतं. येत नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढं दुसरंच येत होतं. तिला माहीत होतं, बाबानंच शिकवलं होतं, मरळ पाण्याबाहेर मरत नाही लवकर. तलाव आटला तर ती ओल्या चिखलात शिरते, स्वतःला गाडून घेते, आणि श्वास धरून पडते, महिनामहिना, पहिल्या पाण्यापर्यंत. वर मुरूम पडेल. मुरुमावर रोलर फिरेल. पाया, भिंती, फरशी, पलंग. पुढच्या वर्षी जून येईल, आणि ती पलंगावर नवी चादर टाकून पडेल, खिडकीच्या काचेवर पाऊस वाजेल, आणि खाली, फरशीच्या खाली, त्या जुन्या काळ्या पाठी तो आवाज ऐकतील आणि हलतील. आता आलं पाणी, म्हणतील. वर जायला बघतील. ती कूस बदलेल. अभ्यास करेल. परेडला जाईल. परत येऊन झोपेल, आणि ते खाली वाट बघत असतील; किती दिवस, हे कोणाला माहीत नाही, बाबालाही नाही, कारण आजपर्यंत कुणी त्यांना वाट बघायला लावून पाणीच आणलं नाही असं कधी झालं नव्हतं.

"बाबा, ते मरणार नाईत," ती म्हणाली. "वरून मुरूम टाकला तरी."

"नाई," बाबा म्हणाला. त्याच्या आवाजावरून तिला कळलं की तोही आत्ता तेच बघत होता. "चिखलात जातीन."

"मंग काढून घ्या ना त्याईले."

बाबानं स्वतःचे हात पुढं धरून पाहिले, उलटे, सुलटे. "माह्या हातानं नाई होत, बाई," तो म्हणाला. लहानपणापासून तो तिला बाई म्हणायचा, लाडानं. आज ते लाडाचं वाटलं नाही. "बूच काढलं मी. सही केली. सांगशील ते करतो. पण बेण्यात जाळं टाकाले हात उठतच नाई. दोनदा जाऊन आलो सकाळपासून. काटेच नीट करून आलो."

आई प्रथमच त्याच्याकडं वळली. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा. "नोको टाकू," ती म्हणाली. "बेण्याले हात लावते का कोणी? पडू दे मुरूम. आपल्याले नाई दिसणार."

"मले दिसन," करिश्मा म्हणाली.

मेसकडून भांड्यांचा आवाज येत होता. एक डंपरवाला हात धुऊन गाडीकडं निघाला होता. डोहात बुडबुडा फुटला. करिश्मा उभी राहिली आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागली. गाठ बसली, तिनं दातानं ती सोडवली. मोजे काढून बुटात कोंबले. पायाखाली पाळ तापलेली होती. आई म्हणाली, "काय करून राह्यली? ड्रेस खराब होईन, चार वाजता तुले तिथी उभं राहा लागते," आणि बाबानं मांडीवरची टोपी बाजूला ठेवली. ती दोघांच्या समोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज आता कुठूनही आपटून परत येत नव्हता. तो साधाच होता, घरातला.

"वीट मी ठेवीन," ती म्हणाली. "त्या हॉस्टेलात राहीन, बारावीपर्यंत राहीन. मले पाह्यजे ते, बाबा. तुम्ही दिलं म्हणून नाई, मले पाह्यजे होतं म्हणून तुम्ही दिलं. मंग हेही माह्यंच काम आहे. काटे मी काढतो. डोहात मी उतरतो, आत्ता, डंपर हलायच्या आत. तुम्ही पाठ करून बसा, पण जाळं द्या. आन आई, ते टोपलं घेऊन ये. बाजारात एकही जाणार नाई, सतराही घरी वाटू, जे घेतीन त्याईले. उरलं ते आज तू रांध. पहिला घास मी खाईन."